तरंग, आंदोलने व प्रकाशकी : रायगड परिसर आणि महाराष्ट्रातील अध्ययनाचा इतिहास

एखाद्या स्थिर बिंदूच्या दोन्ही बाजूंना ठरावीक कालांतराने पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालीस आंदोलन म्हणतात. असे आंदोलन माध्यमातून एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे सोपविले जाऊन पुढे सरकत गेले, म्हणजे तरंग निर्माण होतो. तरंगात ऊर्जा पुढे जाते. द्रव्य आपल्या जागीच हेलकावे खाते. प्रकाशाचे परावर्तन, वक्रीभवन, व्यतिकरण इ. आविष्कारांचा अभ्यास करणाऱ्या शाखेस प्रकाशकी म्हणतात. भौतिकीच्या प्रारंभिक परीक्षांसाठी हे तीन विषय बहुधा तीन स्वतंत्र प्रकरणे म्हणून वाचले जातात आणि त्यांची सूत्रेही स्वतंत्रपणे पाठ केली जातात. त्यांचा इतिहास मात्र एकच आहे. या इतिहासाचे काही महत्त्वाचे दुवे महाराष्ट्रात, त्यातही सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या परिसरात आढळतात. हे तालुके ज्या जिल्ह्यात मोडतात त्याचे कुलाबा हे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड असे करण्यात आले.

समकालीन दशक : महाडच्या उत्तरेस सु. २५ किमी. वर रायगड किल्ला आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक तेथे ६ जून १६७४ रोजी झाला व ३ एप्रिल १६८० रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. रायगड राजधानी असण्याचा हा काळ आणि यूरोपात आंदोलने, तरंग व प्रकाश यांच्या शास्त्राची पायाभरणी होण्याचा काळ हे दोन्ही जवळजवळ एकच होत. १६७२ च्या प्रारंभी आयझॅक न्यूटन यांनी लोलकाच्या साहाय्याने पांढऱ्या प्रकाशाचे रंगांत पृथक्करण केल्याचा आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याच वर्षी झां रीशे हे फ्रेंच ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेले असता, पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे आपले लंबकाचे घड्याळ तेथे रोज सु. अडीच मिनिटे मागे पडते, असे त्यांच्या लक्षात आले. १६७३ मध्ये क्रिस्तीआन हायगेन्झ यांचा लंबकाच्या घड्याळावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६७६ मध्ये ओले रमर यांनी गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून प्रकाशाचा वेग सांत असल्याचे दाखविले. १६७८ मध्ये रॉबर्ट हुक यांनी स्प्रिंगची ताण व लांबीवाढ यांचा नियम प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी हायगेन्झ यांनी प्रकाशाचा तरंग सिद्धांत पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवला (ग्रंथरूपाने प्रसिद्धी १६९०). आज प्रथम वर्षाच्या परीक्षेत ज्यांची नावे येतात त्यांपैकी काही नियम या सहा-सात वर्षांतील आहेत.

राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचे वकील हेन्री ऑक्सिंडेन मुंबईहून रायगडावर आले होते. परंतु यूरोपातील हे नवे शास्त्र त्यांच्याबरोबर आले नाही. महाराष्ट्रात त्या काळी कालमापनाचे रूढ साधन घटिकापात्र हे होते. तळाशी बारीक छिद्र असलेले हे तांब्याचे पात्र पाण्यावर तरंगत ठेवले असता ठरावीक वेळात भरून बुडे. अहोरात्राच्या ६० घटिका व एका घटिकेची ६० पळे धरीत. म्हणजे घटिका २४ मिनिटांची व पळ २४ सेकंदांचे. पळाहून लहान कालखंड तंतोतंत मोजावयाचा असल्यास पाण्याच्या संथ स्रावापेक्षा अधिक नियमित अशी आवर्ती क्रिया हवी. लंबकाने ती पुरविली.

लंबक व गुरुत्व : लहान आंदोलनांच्या बाबतीत लंबकाचा आवर्तकाल त्याच्या वजनावर किंवा झोक्याच्या लांबीरुंदीवर अवलंबून नसतो, तो दोरीच्या लांबीच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात व गुरुत्वीय प्रवेगाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. परीक्षार्थी हे सूत्र सहज लिहितो. परंतु त्यातील गुरुत्वीय प्रवेग सर्वत्र सारखा नसतो ही गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे व ध्रुवांकडील चपटेपणामुळे विषुववृत्ताकडे तो कमी होत जातो. लंडन येथे तो सु. ९·८१ मी./से.² असून महाडच्या अक्षांशावर (सु. १८° उत्तर) सु. ९·७८५ मी./से.² आहे. त्यामुळे दर सेकंदास एक झोका घेणाऱ्या (म्हणजे दोन सेकंद आवर्तकालाच्या) लंबकाची लांबी लंडनला ९९·४ सेंमी., तर महाडला ९९·१ सेंमी. ठेवावी लागते. फरक तीन मिमी. पेक्षाही कमी आहे; तथापि लंडनला जुळविलेले लंबकाचे घड्याळ तसेच आणून महाडला लावले, तर ते दिवसाकाठी सु. दोन मिनिटे मागे पडेल. रीशे यांच्या घड्याळाच्या मागे पडण्याचे कारण हेच होते व त्यावरूनच पृथ्वी पूर्ण गोल नसल्याचा पुरावा न्यूटन यांना मिळाला.

भारतात लंबकाच्या या गुणधर्माचा पद्धतशीर उपयोग १८६५ नंतर त्रिकोणमितीय सर्वेक्षण विभागाने केला. जे. पी. बसेव्ही व त्यांच्यानंतर डब्ल्यू. जे. हेविसाइड यांनी रॉयल सोसायटीकडून आणलेल्या लंबकांच्या साहाय्याने दक्षिणेपासून हिमालयापर्यंत अनेक ठिकाणी गुरुत्वीय प्रवेग मोजला. बसेव्ही यांचा १८७१ मध्ये लडाखमध्ये अतिउंचीवर निरीक्षणे घेत असतानाच मृत्यू झाला. पर्वतांच्या खालील खडकांच्या घनतेविषयी पुढे जो विचार झाला, त्यास या निरीक्षणांचा आधार मिळाला.

ध्वनितरंग व रायगडची राजसभा : रायगडावरील राजसभा सु. २२० फूट (सु. ६७ मी.) लांब व १२४ फूट (सु. ३८ मी.) रुंद आहे. तिच्या एका टोकाला सिंहासनाची जागा असून समोरच्या टोकाला नगारखान्याचे उंच प्रवेशद्वार आहे. नगारखान्यापाशी हलक्या आवाजात बोललेले शब्द, किंबहुना कागद फाडल्याचा वा काडी ओढल्याचा आवाजही सिंहासनाच्या जागी स्पष्ट ऐकू येतो, ही गोष्ट गडावर येणाऱ्यांना नेहमी दाखविली जाते. गडाच्या बांधकामाशी हिरोजी इंदुलकर यांचे नाव निगडित असून जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर त्यांच्या नावाचा शिलालेख आहे.

या अनुभवाचा विचार तरंगांच्या नियमांनी करता येतो. ध्वनीचा वेग ३०° से. तापमानास सु. ३४९ मी./से. असल्याने नगारखान्यातून निघालेला आवाज सिंहासनापर्यंत सु. ०·१९ सेकंदात पोहोचतो. सभेच्या मध्यरेषेवरील बोलणाऱ्याचा आवाज बाजूच्या भिंतीवर मध्यावर आपटून परावर्तित झाला, तर त्यास सु. ७७ मी. अंतर कापावे लागते. म्हणजे सरळ येणाऱ्या आवाजापेक्षा सु. १० मी. जास्त. हा अधिक काळ सु. ०·०३ सेकंद भरतो. एकापाठोपाठ येणारे दोन आवाज सु. १/२० सेकंदाच्या आत आले, तर कानाला ते वेगळे भासत नाहीत. दुसरा पहिल्याला बळकटी देतो. प्रतिध्वनी स्वतंत्रपणे ऐकू येण्यास परावर्तक पृष्ठभाग किमान १७ मी. दूर असावा लागतो, असे जे पाठ्यपुस्तकात सांगतात ते १/१० सेकंदाच्या मर्यादेवरून. कठीण दगडी पृष्ठभाग ध्वनी फारसा शोषून घेत नाहीत आणि गडावरील शांततेत क्षीण आवाजही झाकला जात नाही. या दोन्ही गोष्टी त्यास अनुकूल ठरतात.

या संदर्भात विजापूरच्या गोलघुमटाशी तुलना उद्बोधक आहे. महंमद आदिलशहाच्या (मृ. १६५६) या कबरीच्या घुमटाचा आतील व्यास योगायोगाने सु. ३८ मी., म्हणजे रायगडच्या राजसभेच्या रुंदीइतकाच आहे. परंतु तेथील आविष्कार वेगळा आहे. घुमटाच्या सज्जात भिंतीला तोंड लावून केलेली कुजबुज वक्र भिंतीच्या कडेकडेने सरकत जाऊन पलीकडे ऐकू येते आणि टाळी वाजविली असता तिचे अनेक प्रतिध्वनी उमटतात. कुजबुज सज्जाची ही उपपत्ती लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या संदर्भात लॉर्ड रॅली यांनी मांडली व १९२० नंतरच्या काळात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या विषयावर प्रयोग केले. आच्छादित व वक्र वास्तूत आवाज घोटाळत राहतो. उघड्या व आयताकार सभेत तो एकदोन परावर्तनांनंतर आकाशात निघून जातो. त्यामुळे विजापुरास आवाज घुमतो, तर रायगडावर तो स्पष्ट येतो. दरबारात बोलल्या जाणाऱ्या शब्दांसाठी दुसरा गुण अधिक उपयुक्त होय.

भिंतीआडच्या माणसाचे बोलणे ऐकू येते, पण तो दिसत नाही, याचे कारण विवर्तनात आहे. मानवी आवाजाची तरंगलांबी काही सेंमी. पासून दोन-तीन मी. पर्यंत असते व ती दाराच्या रुंदीशी तुल्य असल्याने ध्वनी कडेला वळसा घालून पसरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सु. अर्धा सहस्रांश मिमी. असल्याने त्याचे वळणे नेहमीच्या व्यवहारात जाणवत नाही आणि प्रकाश सरळ रेषेत जातो असे म्हणता येते. नगाऱ्याच्या बाबतीतही असाच एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ताणलेल्या साध्या पडद्याचे उच्च स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. म्हणून नगाऱ्याचा नाद दूरवर जातो, पण त्यास निश्चित सूर नसतो. तबला व मृदंग यांच्या पुडीवर मध्यभागी शाईचा जाड थर दिल्याने हे स्वर पूर्ण पटींच्या जवळ येतात व वाद्य सुरात लावता येते. हे रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले.

भरतीचा तरंग व सावित्री : सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पोलादपूर व महाडवरून वाहत जाते आणि बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. भरतीचे पाणी महाडच्या परिसरापर्यंत चढत असल्याने पूर्वी गलबते भरतीबरोबर दासगाव व महाडपर्यंत येत आणि ओहोटीबरोबर परत जात. घाटावरून उतरणारा माल व समुद्रमार्गे येणारा माल यांची देवघेव येथे होई. महाडचे व्यापारी महत्त्व अशा रीतीने एका आवर्ती क्रियेवर अवलंबून होते.

भरती हाही एक तरंग असून तिचा आवर्तकाल सु. १२ तास २५ मिनिटे असतो. उथळ पाण्यातील दीर्घ तरंगाचा वेग गुरुत्वीय प्रवेग व पाण्याची खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतका असतो. खाडीची सरासरी खोली ४ मी. धरली, तर हा वेग सु. ६·३ मी./से., म्हणजे ताशी सु. २२ किमी. येतो. खाडीमार्गाचे सु. ५० किमी. अंतर कापण्यास भरतीस दोन तासांहून थोडा अधिक काळ लागेल. तरंगाचा वेग व आवर्तकाल यांचा गुणाकार म्हणजे तरंगलांबी. ती येथे सु. २८० किमी. भरते. म्हणून काठावर उभ्या असलेल्या माणसास भरतीची लाट म्हणून दिसत नाही; पाणी नुसते चढताना व उतरताना दिसते. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील पाण्याचा लोंढा व मोठी भरती एकाच वेळी आली, म्हणजे नदीच्या पाण्याचा निचरा मंदावतो. महाडच्या पुरांच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक असते. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने महाड शहर पुराखाली गेले व त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. भरतीचे वेळापत्रक हे येथे केवळ मच्छीमारांच्या उपयोगाचे उरलेले नाही.

भूकंपतरंग : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे सु. ६·३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली व हजारो घरे कोसळली. कोयनानगर पोलादपूरपासून सरळ रेषेत सु. ७० किमी. व महाडपासून सु. ८० किमी. अंतरावर आहे. भूकंपाच्या वेळी दोन प्रकारचे तरंग खडकांतून निघतात. प्राथमिक तरंग अनुतरंग असून त्यांत कण तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे होतात. कवचाच्या वरच्या भागात त्यांचा वेग सु. ६ किमी./से. असतो. द्वितीयक तरंग अवतरंग असून त्यांत कण आडवे हलतात. त्यांचा वेग सु. ३·५ किमी./से. असतो. त्यामुळे महाड येथे प्राथमिक तरंग सु. १३ सेकंदांनी व द्वितीयक तरंग सु. २३ सेकंदांनी पोहोचतात. या दोहोंमधील सेकंदांच्या अंतरास आठाने गुणले असता भूकंपकेंद्राचे अंतर किमी. मध्ये ढोबळ मानाने मिळते. अनेक ठिकाणच्या अशा अंतरांवरून केंद्राची जागा निश्चित करतात. द्वितीयक तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत, कारण द्रवाचा आकार बदलण्यास विरोध होत नाही. अनुतरंग व अवतरंग यांतील फरक लिहा, या परीक्षेतील नेहमीच्या प्रश्नाचे सह्याद्रीत असे प्रत्यक्ष प्रयोजन आहे.

कोयना धरणात बसविलेल्या उपकरणाने गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६३ पट इतका प्रवेग नोंदविला. १०३ मी. उंचीचे हे धरण टिकले, परंतु त्याच्या उंच खंडांना तडे गेल्याने पुढे ते मागील बाजूने बळकट करण्यात आले. प्रत्येक इमारतीस, पुलास व धरणास स्वतःची अशी स्वाभाविक कंप्रता असते. बाहेरून येणाऱ्या आंदोलनांची कंप्रता तिच्याशी जुळली, म्हणजे परमप्रसर वाढत जातो. यास अनुस्पंदन म्हणतात. भूकंपात एकाच गावातील काही घरे पडतात व काही उभी राहतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. जलाशय भरल्यामुळे भूकंप उद्भवू शकतात या विषयाच्या जागतिक अभ्यासात कोयना हे प्रमुख उदाहरण ठरले. भूकंपमापनाची सोय महाराष्ट्रात त्यापूर्वीच झाली होती. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मिल्न पद्धतीचा भूकंपलेखक बसविण्यात आला होता.

वेधशाळा व केरूनाना छत्रे : कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली व १८४१ पासून तेथे चुंबकीय व वातावरणीय निरीक्षणे नियमितपणे होऊ लागली. टांगलेल्या चुंबकसूचीची सूक्ष्म आंदोलने पाहणे हा तेथील कामाचा मोठा भाग होता. या वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे (१८२५–८४) कोवळ्या वयातच रुजू झाले. त्यांचा जन्म अलिबागजवळील नागाव येथे झाला होता. पुढे ते पुण्यास गणित व सृष्टिशास्त्राचे अध्यापक झाले. ग्रहसाधनाची कोष्टके हा त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळांसाठी त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर मराठीत पुस्तके लिहिली. भरती-ओहोटी, हवा, कालज्ञान इ. विषयांवर त्यांनी मराठीतून विवेचन केले. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी होत. आंदोलन, वेग, प्रकाश यांविषयी मराठीत शास्त्रशुद्ध लिहिता येते हे त्यांच्या पिढीने प्रथम सिद्ध केले.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असल्याने चुंबकीय निरीक्षणांत व्यत्यय येईल हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलविले. १९०४ पासून तेथे निरीक्षणे होऊ लागली व काही काळ दोन्ही ठिकाणी एकदम निरीक्षणे घेऊन नोंदींची अखंडता राखण्यात आली. एवढ्या दीर्घ कालखंडाच्या चुंबकीय नोंदी जगात मोजक्याच ठिकाणी आहेत.

प्रकाशकी व सह्याद्री : लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा दख्खनच्या हवामानावरील प्रबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. वातावरणाचा दाब दिवसातून दोनदा वाढतो व दोनदा कमी होतो, या वातावरणीय भरती-ओहोटीच्या निरीक्षणांबरोबरच हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन त्यात आहे. मराठीत यास इंद्रवज्र म्हणतात. कड्याच्या पूर्वेस कमी उंचीवर सूर्य असावा व पश्चिमेच्या दरीत धुके असावे, म्हणजे पाहणाऱ्याच्या सावलीभोवती रंगीत वलये दिसतात. कोकणकड्यासारखे पश्चिमेकडे तुटलेले कडे रायगड व पोलादपूरच्या घाटांतही असल्याने पावसाळ्याच्या अखेरीस तेथेही ही परिस्थिती उद्भवू शकते.

इंद्रवज्र व इंद्रधनुष्य यांची कारणे भिन्न आहेत. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत प्रकाशाचे वक्रीभवन, एक आंतरिक परावर्तन व पुन्हा वक्रीभवन होऊन निर्माण होते. लाल रंग सु. ४२° व जांभळा सु. ४०° कोनात दिसतो. म्हणून सूर्य क्षितिजावर ४२° हून अधिक वर असताना सपाट भूमीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही. भर दुपारी महाडला ते दिसणार नाही, सकाळी वा सायंकाळी दिसेल. थेंबातील या परावर्तनास पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणणे ही उत्तरपत्रिकांतील नेहमीची चूक होय. तेथे आपाती कोन सीमांत कोनापेक्षा कमी असतो व काही प्रकाश थेंबाबाहेर निघून जातो. इंद्रवज्र मात्र धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांमुळे घडते, त्याची वलये काही अंशांचीच असतात व त्याचे स्पष्टीकरण प्रकाशाचे तरंगस्वरूप मानल्यावाचून देता येत नाही. किरण प्रकाशकी कोठपर्यंत पुरते व तरंग प्रकाशकी कोठून सुरू होते, याची सीमा या दोन आविष्कारांत स्पष्ट दिसते. साध्या वक्रीभवनाचे उदाहरण रायगडावरील गंगासागर तलावाच्या काठीही मिळते. पाण्याचा वक्रीभवनांक सु. ४/३ असल्याने वरून सरळ पाहिले असता ४ मी. खोल तळ ३ मी. वरच भासतो. खोलीच्या या भ्रमामुळे पोहणाऱ्यांचे अपघात होतात.

प्रकाशाच्या पृथक्करणाचा पुढचा टप्पा म्हणजे वर्णपटविज्ञान. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी भावनगर संस्थानच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तेथील २० इंच व्यासाची परावर्ती दूरदर्शक त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे जाऊन त्यांनी सूर्याच्या बाह्यावरणांच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद होऊन दूरदर्शक कोडईकानलला नेण्यात आली.

शिक्षण, परीक्षा व परिभाषा : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली व १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा घेण्यात आली. उच्च शिक्षण इंग्रजीतून असल्याने केरूनानांनी सुरू केलेले मराठी विज्ञानलेखन शालेय पातळीवरच मर्यादित राहिले. कोकणच्या अंतर्भागातील विद्यार्थ्यास पुढील शिक्षणासाठी मुंबई वा पुणे गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. महाड तालुक्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या प्रवेश परीक्षेत विद्यापीठात पहिले आले व पुढे केंब्रिज येथे निसर्गविज्ञान शिकले, हे अपवादात्मक उदाहरण होय. बहुसंख्यांना शाळेचा उंबरठाही दुर्लभ होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहाचा विषय सार्वजनिक पाणी हा असला, तरी सार्वजनिक साधनांवर सर्वांचा समान हक्क हे त्याचे तत्त्व शिक्षणासही लागू होते. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय पुढे महाडमध्ये निघाले आणि १९८९ मध्ये जवळच माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे त्यांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. प्रयोगशाळेतील लंबक व लोलक यांच्यापर्यंत पोहोचण्याचे या परिसरातील अंतर त्यामुळे खूपच कमी झाले.

भाषेचे अंतर मात्र राहिले. माध्यमिक शाळेत मराठीतून भौतिकी शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत गेला, म्हणजे माध्यम बहुधा इंग्रजी होते. शिवाय मराठीतील संज्ञाही एकरूप नाहीत. एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येस विश्वकोशात कंप्रता म्हणतात, तर शालेय पुस्तकांत वारंवारिता. मध्यस्थितीपासून होणाऱ्या कमाल विस्थापनास एकीकडे परमप्रसर, तर दुसरीकडे आयाम. आणि प्रकाशकिरणाच्या वळण्यास वक्रीभवन, प्रणमन व अपवर्तन अशा तीन संज्ञा वेगवेगळ्या काळातील पुस्तकांत आढळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. विश्वकोशाच्या नोंदींचे खंड निघण्यापूर्वी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रहाचा खंड प्रथम प्रसिद्ध करण्यात आला. विषय मांडण्यापूर्वी शब्द ठरले पाहिजेत, ही जाणीव त्यामागे होती. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरमार्गे वाईस जाता येते. शब्दांचे हे भांडार तेथून फार दूर नव्हते, पण वर्गापर्यंत ते पुरेसे पोहोचले असे म्हणता येणार नाही.

संज्ञा भिन्न असल्या, तरी कल्पना एकच असते व तिची कसोटी मोजमापात असते. एका सेकंदात किती आंदोलने होतात, एक तरंग किती लांब आहे व तो किती वेगाने जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे परस्परांशी नेहमीच सारख्या रीतीने बांधलेली असतात. मग तो तरंग सावित्रीतील भरतीचा असो, राजसभेतील शब्दाचा असो, कोयनेच्या खडकातील असो की प्रकाशाचा असो. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रकाशाचे व्यतिकरण समजावून देताना पाण्यावरील लाटांचाच दाखला घेतला होता आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतात प्रकाश हा विद्युत् चुंबकीय तरंग ठरला. त्यानंतर ध्वनी, भरती, भूकंप व प्रकाश यांच्या अभ्यासात गणिताची भाषा एकच झाली. परीक्षेच्या तयारीत तीन प्रकरणे वेगळी वाचणाऱ्यास तीन सूत्रसंच लक्षात ठेवावे लागतात. हे ऐक्य ध्यानात आलेल्यास एकाच संबंधाची उदाहरणे ओळखावी लागतात, आणि ती महाड-पोलादपूरच्या परिसरात नदीच्या काठी, गडावर व घाटात सहज उपलब्ध आहेत.